डोळा वर गेला की झालं

समुद्र कसा असतो, हे परत आल्यापासून मला गावातल्या किती जणींनी विचारलं ते मोजलं नाही. सगळ्यांना मी एकच सांगितलं, मोठा आहे. त्यांचं तेवढ्यावर समाधान होतं आणि माझीही सुटका होते. पण आता पावसाळा अर्धा सरला. सांगायचं ते पोटातच राहिलंय, म्हणून वही घेऊन बसले. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं लिहिणं-वाचणं नातीच्या वह्यांवरून शिकले, तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव अड्याळपासून आत. धानाच्या बांध्या आणि कडेला आमची बोडी, म्हणजे लहान तलाव. त्या बोडीत आम्ही मासळीचं बीज वाढवतो. रोहू, कतला, मृगळ. पाऊस लागला की पिशव्यांत भरून जिरं येतं. जिऱ्याएवढंच असतं म्हणून जिरं. ते बोटाएवढं केलं की तलाववाले घेऊन जातात. सासू गेल्यापासून हे काम माझं. मुलगा दिनकर तुमसरला राईस मिलमध्ये, सुट्टीला तेवढा घरी. सून, म्हणजे नात वैशूची आई, वैशू सहा वर्षांची असतानाच गेली. त्या पोरीला मी बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, बसवूनच वाढवलं. पुढे ती नागपूरला माशांचंच शिकली आणि तिथून पार रत्नागिरीकडे नोकरीला गेली.

आता खरं ते सांगते. मी समुद्र पाहायला गेलेच नव्हते. मी वैशूला परत आणायला गेले होते. माझे गुडघे गेले. चिखलात उतरलं की दोघींनी ओढून काढावं लागतं. बोडी कोण पाहणार? दिनकर म्हणाला, "तूच जाय. तुयं ऐकते ते." होळी झाली होती, बोडी आटत आली होती, हाताला काम नव्हतं. निघाले.

त्याआधी एक गंमत झाली होती. फोनवर वैशू म्हणाली होती, मी इथं लेप वाढवून राहिली. मला वाटलं, औषधाचा लेप. गुडघ्याला लावतात तो. मी गावभर सांगून टाकलं की नात औषधाच्या कारखान्यात आहे, आणि दोघी-तिघींनी आपापल्या दुखण्यासाठी लेप आणायलाही सांगितला. पिशवीत मी दोन रिकाम्या बरण्या घेतल्या होत्या. पनवेलला ती मला उतरवून घ्यायला आली, तेव्हा त्या बरण्या पाहून इतकी हसली की शेजारच्या बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. लेप म्हणजे मासा. तिकडे चपट्या माशाला लेप म्हणतात. त्या हसण्यावरच मी थोडी खूश होते. पुढे पोरीचं तसं हसणं मला ऐकायला मिळालं नाही.

खाडीकाठी

गावाचं नाव लिहीत नाही. रत्नागिरीच्या खाली एक खाडी आहे, तिच्या तोंडाशी दहा-बारा घरं. वैशू एका काकूंकडे भाड्यानं राहायची. काकूंचे घरचे मासेमारीला जाणारे. मी गेले तर त्यांनी आधी पाय धुवायला पाणी दिलं आणि मग माझ्या पिशवीतला चिन्नोर तांदूळ हातात घेऊन हुंगला. त्यांच्याकडे उकड्या तांदळाची पेज. मला ती दवाखान्यातल्यासारखी वाटली, पण बोलले नाही. लाखोळीची डाळही नेली होती मी. ती त्यांनी चाखली आणि न बोलता ताट बाजूला सरकवलं. झाली फिटंफाट.

समुद्राला पलीकडचा काठ नाही, एवढंच मला त्याचं खटकलं. आमच्या कितीही मोठ्या तलावाच्या पलीकडे झाडं दिसतात, बैल दिसतात, कुणी हाक मारली तर ऐकू येते. इथं नुसतं राखेसारखं पाणी हलत राहिलेलं. त्या दिवसांत हवाही धुरकट होती, ऊन होतं पण सूर्य दिसत नव्हता. दिवसभर उकडायचं. मला तिथं पहिल्या दिवसापासून बरं वाटलं नाही.

दुपारी काकूंनी लेप तळून वाढला. मी ताटातला मासा उलटापालटा करून पाहिला. जिभेसारखा लांबट, पोळीसारखा चपटा. वरची बाजू मातकट, खालची पांढरी. वरच्या बाजूला दोन डोळे, अगदी शेजारी शेजारी. खाली काहीच नाही. मी काकूंना म्हटलं, करणाऱ्यानं घाईत दोन्ही डोळे एकाच अंगाला लावून टाकले वाटतं.

काकू म्हणाल्या, "तुम्ही खावा हो आजी. काटा मधला एकच. डोळे मोजून काय करायचे?"

खाल्ला. चवीला चांगला होता. पण सगळा वेळ वाटत राहिलं की ताटातून दोन डोळे माझ्याकडेच बघताहेत. आमच्या रोहूचा कसा, खाताना एक डोळा खालीच राहतो.

टाक्यांची शेड

वैशूची काम करायची जागा म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत गोल टाक्या, काळ्या रंगाच्या, त्यांत समुद्राचं गाळलेलं पाणी आणि हवेच्या नळ्या बुडबुडत असलेल्या. ओळखीचं वाटलं मला. जिरं आलं की आमच्याकडेही असाच पाण्याचा कच्चा वास असतो. मोठ्या मॅडम होत्या तिथं, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला खुर्ची दिली. वैशूनं मला काचेच्या यंत्राखाली एक पिल्लू दाखवलं.

काय सांगू, सगळं आरपार. आतलं आतडं दिसत होतं, काळीज धडधडताना दिसत होतं. आणि ते पिल्लू चपटं नव्हतंच. आपल्या जिऱ्यासारखंच उभं पोहणारं, डोकं पुढं, शेपूट मागं, एक डोळा इकडे आणि एक तिकडे. मी म्हटलं, हे तर रोहूच आहे, कुणीतरी तुमची फसवणूक केली.

मग तिनं सांगितलं. अंडं पाण्यावर तरंगतं, आत तेलाचा थेंब असतो म्हणून. फुटलं की पिल्लाला तोंडही नसतं, पोटाला बांधलेल्या शिदोरीवर दोन-तीन दिवस काढतं. मग तोंड उघडतं, बारीक बारीक जीव खातं. काही दिवस कुठल्याही माशाच्या पोरासारखं असतं. आणि मग एके दिवशी गळ्याजवळच्या गाठीतून रस सुटतो. बेडकाच्या पिल्लाची शेपटी ज्यानं गळते, तोच म्हणे. त्या रसानं कवटीचं हाड वाकायला लागतं आणि उजवा डोळा जागचा हलतो. डोक्यावरून सरकत सरकत डाव्या डोळ्याशेजारी जाऊन बसतो. याला काही दिवस लागतात. ते दिवस फार वाईट. खाणं सुटतं, बरीच त्यातच जातात. दोन वेळा तिची सगळीच्या सगळी पिल्लं डोळा हलायच्या आधीच गेली होती.

"हे तिसरे आहेत, आजी," ती म्हणाली. "डोळा वर गेला का झालं."

हे वाक्य मी नीट ऐकलं. आणि माझ्या पद्धतीनं ऐकलं. आमच्याकडे डोळे वर गेले म्हणजे माणूस गेलं. तिच्या आईचे डोळे वर गेले तेव्हा तिचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. आणि झालं म्हणजे संपलं. मी समजले, डोळा सरकतानाच ती मरतात, तो वर गेला की आटोपलं. काकूंनी वाढलेला लेप तेव्हा आठवलाच नाही. मी मान हलवली. तिला वाटलं, आजीला कळलं.

बोलणं

दुसऱ्या दिवशी शेडच्या मागं नारळाखाली बसून मी विषय काढला. बोडीचं, गुडघ्यांचं सगळं सांगितलं. ती हातातल्या डब्याचं झाकण लावत-काढत ऐकत होती.

"मी काहून आली तुले समजलं ना?" मी विचारलं.

"समजलं. तू एवढ्या लांब आली तवाच समजलं."

"मंग?"

तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "मॅडम या महिन्याअखेर ठरवणार आहेत, मले ठेवायचं का नाही. हे पिल्लं जगले तं मी इथंच राहतो, आजी. तू रागावजो नको. नाही जगले तं तुयासंगं येतो. बोडी पाहतो. मंग परत जाण्याचं नाव काढणार नाही."

मी म्हटलं, बरं.

आता इथं खोटं लिहिण्यात अर्थ नाही. त्या बरं मध्ये काय होतं ते मला माहीत आहे. मी काही त्या पिल्लांचं वाईट चिंतलं नाही. पण ती जगावीत असंही मनात आणलं नाही. चार दिवसांचाच तर प्रश्न आहे, असं म्हणून मी तिथं राहिले.

ते दिवस मी शेडमध्येच काढले. वैशूच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती दर थोड्या वेळानं टाकीवर वाकायची, पिल्लं मोजल्यासारखी बघायची. मी तिला चिन्नोरचा भात करून न्यायचे, ती उभ्या उभ्या खायची. म्हणायची, अजून चार-पाच दिवस आहेत डोळा हलायला. पण उकाडा वाढला होता. पाणी कोमट झालं होतं. पाणी तापलं की पिल्लू लवकर वाढतं, हे आमच्या बोडीतही होतं. मला हे माहीत होतं. मी ते तिला सांगितलं नाही, कारण ती शिकलेली. तिला माहीतच असेल असं वाटलं.

ती दुपार

चौथ्या दिवशी पिल्लांचं खाणं संपत आलं. ते आणायला वैशूला मॅडमबरोबर रत्नागिरीला जावं लागलं. कामाला येणारा माणूस त्या दिवशी रजेवर. तिनं मला टाकीजवळ बसवलं. हवेची नळी बंद पडली तर कोणतं बटण दाबायचं ते दाखवलं. जाता जाता दारातून म्हणाली, "मेलेले दिसले तं काढून टाकजो. पाणी खराब होते."

मला किती बरं वाटलं सांगू. पहिल्यांदाच त्या जागेत मला येणारं काम कुणी सांगितलं होतं. मेलेलं जिरं काढणं मी आयुष्यभर केलंय. आमच्याकडे बोडीत हापा असतो, म्हणजे मच्छरदाणीसारखी बारीक जाळी पाण्यात उलटी टांगलेली. त्यात जिरं ठेवतात. रोज सकाळी त्याच्या तळाशी आडवं पडलेलं पिल्लू शोधायचं. आडवं पडलं की ते गेलं. तासाभरात काढलं नाही तर पाणी नासतं आणि बाकीची जातात. माझी नजर त्यावर इतकी बसली आहे की उभं पोहणारं पिल्लू मला दिसतच नाही, आडवं तेवढं दिसतं.

जेवणवेळ टळली असेल. मी टाकीत वाकले आणि तळाशी एक आडवं दिसलं. मग दुसरं. मग बघता बघता तळभर. नखाएवढी, कुशीवर पडलेली, हलत नव्हती. मी बोट पाण्यात फिरवलं. आपलं पिल्लू जिवंत असेल तर बोट पाहून पळतं. ही पळाली नाहीत. तळाला चिकटलेलीच राहिली. मी चष्मा पुसून पाहिलं. दोन्ही डोळे वर.

 हिची तिसरीही वेळ गेली, असं वाटलं. आणि त्याच्या मागून, अगदी मागून, दुसरंही एक वाटलं. पोरगी आता घरी येईल. ते आलं तसं गेलं. पण आलं होतं.

मी कामाला लागले. पाणी काढायची नळी टाकीत घातली, दुसरं टोक तोंडानं ओढलं, खारं पाणी तोंडात आलं ते थुंकलं, नळी बादलीत सोडली. तळ झाडून घ्यावा तसा सगळा तळ ओढून घेतला. काही घट्ट बसली होती, ती टाकीजवळ ठेवलेल्या पिसानं सुटी केली. उभी पोहणारी होती त्यांना धक्का लागू दिला नाही. टाकी अशी लख्ख झाली की काय विचारता. बादली उचलून मागं नेली आणि नारळाच्या बुंध्याशी ओतली. आमच्याकडे मेलेलं बीज वांग्याच्या आळ्यात ओततात, झाड धरतं.

मग येऊन खुर्चीवर बसले. वैशूला कोणत्या शब्दांत सांगायचं ते ठरवत होते.

ती आली. डबा खाली ठेवला, टाकीत वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

"आजी, तळ कोणं साफ केला?"

मी म्हटलं, मीच. मेली होती माय, सगळी आडवी पडली होती. डोळे वर गेले होते.

 कुठं ओतली, एवढं विचारून ती पळाली. मी मागं गेले तोवर ती नारळाखाली गुडघ्यांवर होती. बोटांनी रेती बाजूला करत होती. मॅडम धावत वाटीत समुद्राचं पाणी घेऊन आल्या. पण पिल्लं दिसतच नव्हती. रेतीत पडल्यावर त्यांनी रेतीचाच रंग धरला होता. उजेडात डोळे फाडून पाहिलं तरी कुठली रेती आणि कुठलं पिल्लू कळेना. मीही खाली बसले, गुडघे विसरून. मला एकही सापडलं नाही. मेलेलं जिरं शोधणारी माझी नजर, पण तिला ती दिसली नाहीत. वैशूला सात-आठ मिळाली. वाटीत टाकल्यावर त्यातलं एक हललं. अंगाच्या कडेनं लाट गेल्यासारखं हललं, आणि तळाशी जाऊन कुशीवर पडलं.

ते जिवंत होतं. कुशीवर पडलेलं आणि जिवंत. तेव्हा मला वैशूचं ते 'झालं' कळलं.

मॅडम मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला आत नेऊन पाणी दिलं. डोळा सरकला की पिल्लू आपणहून कुशीवर पडतं, म्हणाल्या, मग ते जन्मभर तसंच राहतं. खालची बाजू पांढरी, आंधळी, वरच्या बाजूला सगळं जग. कुणी जवळ आलं तर पळत नाही, निपचित पडतं, तीच त्याची लपायची रीत. वैशू दारात उभी होती. तिच्याकडे बघून मॅडम म्हणाल्या, "हे तू त्यांना सांगायला हवं होतंस."

माझी चूक पोरीच्या अंगावर गेली. मी ऐकत बसले.

संध्याकाळी खाडीकडे जाताना तिनं मला विचारलं. चालता चालता, माझ्याकडे न बघता.

"आजी, खरं सांग. जाणून केलं?"

मी नाही म्हटलं. ते खरंच होतं. पण नाही म्हणायला मला जरा वेळ लागला. तेवढ्यात तिनं वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं.

"हाव," ती म्हणाली. त्यावर पुन्हा कधी बोलली नाही.

वाटीतली पिल्लं सकाळपर्यंत गेली. टाकीत उभी राहिलेली होती ती मागं पडलेली, अशक्त. त्यांनी नवीन आणलेल्या खाण्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी ती टाकीही धुतली. मला वैशूनं हात लावू दिला नाही. निघताना काकूंनी माझ्या दोन्ही बरण्या भरून दिल्या, एकीत कोकम आणि एकीत सुकी मासळी. वैशूनं आपलं सगळं सामान बांधलं होतं. तिनं शब्द पाळला.

घरी

जिच्यासाठी गेले तिला घेऊन आले, असं लोक म्हणतात. दिनकर खूश आहे. यंदा पाऊस लागल्यावर जिरं आलं तेव्हा वैशूच चिखलात उतरली. हापा तिनं बांधला, माझ्यापेक्षा घट्ट. मला पाळीवर खुर्ची टाकून दिली आहे. काम मन लावून करते. बोलतेही, विचारलं की. तिच्या खोलीत खिडकीशी एक काचेची बारीक बाटली आहे, औषधी पाण्यात एक लेपाचं पिल्लू. नारळाखालचं. मी झाडलोट करताना ती बाटली उचलत नाही, भोवतीनं पुसते.

परवा सकाळी ती खत आणायला अड्याळला गेली होती. मी हाप्याजवळ गेले. तळाशी एक पिल्लू आडवं होतं. माझा हात सवयीनं पाण्यात गेला आणि तिथंच थांबला. मी काढलं नाही. बोट फिरवून पाहिलं, हललं नाही. तरी काढलं नाही. पाळीवर बसून त्याच्याकडे बघत राहिले. डोक्यावर ऊन आलं. शेजारची बाई बांधावरून जाताना म्हणाली, काढा ना आजी, पाणी नासंल. मी हो म्हटलं आणि बसून राहिले.

वैशू आली. खताची पोती उतरवून, पदर खोचून पाण्यात उतरली. मी कशाकडे बघत होते ते तिनं पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही. तिनं ओंजळीत ते पिल्लू उचललं, माझ्यासमोर धरलं. रोहूचं होतं. एक डोळा वर, एक खाली.

"हे आपलं होय, आजी," ती म्हणाली. "आपले आडवे झाले का मरतेतच."

आणि ते घेऊन ती वांग्यांच्या आळ्याकडे गेली.